नेम

समानार्थी शब्द लिहा. प्रश्न चौथा, उपप्रश्न ब.
नमुना उत्तर सांगतं :
नेम म्हणजे नियम, व्रत, परिपाठ, रीत.
प्रत्येकी अर्धा गुण.

वीज दहालाच गेली.
चार्जिंगच्या दिव्यापुढे पाचवीचा गठ्ठा,
आणि दिव्यावरचे तुडतुडे
पोरांच्या अक्षरांवर नसते अनुस्वार देत फिरतायत.

गौरव राऊत लिहितो, नेम म्हणजे नाव.
माय नेम इज गौरव.
लाल पेन उचललं आणि हसू आलं,
इंग्रजीचा तास मीच घेतो.

चेतन मडावी :
गोफण सोडाच्या आधी एक डोया मिटते, थो नेम.
ज्वारी हुरड्यावर आली की हा मचाणावर.
माझ्या हजेरीत फुली,
राघूंच्या हजेरीत रोज हजर.

दीक्षा खंडारेनं चार ओळी मागून घेतल्यासारखं
समासात लिहिलंय, बारीक :
माय म्हनते बाबाच्या येन्याचा नेम नाही.
मंग नेम म्हंजे बाबा येनं.

पेन खाली ठेवलं.

कोशात हा शब्द स्वल्पविराम घालून
एका ओळीत मावतो.
नेमका, नेमस्त, नेमून दिलेलं, सगळी त्याचीच भावकी.
आडाणच्या काठावर या गावात मी आलो
ती नेमणूकसुद्धा त्याच घरातली.

आणि पुढे क्रियापद लागतं, पाळणे.
सुतक पाळतात, शब्द पाळतात, शेळी पाळतात.
शेळी निदान दूध तरी देते, आई म्हणायची,
महिन्याचे चार दिवस गोठ्यालगत बाजेवर बसून,
तिच्या ताटलीला खिळ्यानं पाडलेली खूण.
ती खूण मी हातानं चाचपलीय.
समानार्थी म्हणून कुठं लिहू?

पण मग डोमाजी ठाकरे आठवतो.
टाकीचा वॉल सोडणारा, ग्रामपंचायतीचा माणूस.
पहाटे चारला पाय धुतो,
चप्पल पायरीखाली काढतो,
लोखंडी चाकाला कपाळ लावतो, मग फिरवतो.
कोणत्या पोथीत नाही हे.
विचारलं तर म्हणाला,
थंडं लागते सर, झोप उडते.

गेल्या माघात त्याची बायको गेली.
राख नदीला देऊन माणसं परतली तेव्हा
दोघातिघांनी बजावलं, दहा दिवस पाण्याला हात लावू नको.
त्यानं मान हलवली.
दुसऱ्या दिवशी चारला पाणी आलं.

वरच्या आळीतल्या बायांनी भरलं नाही.
नळ वाहत राहिले, नालीतून पार बाभळीपर्यंत ओल गेली.
तिसऱ्या दिवशी एकीनं धुण्यापुरतं घेतलं.
चौथ्या दिवशी गुंडावर गुंड, नेहमीची भांडणं,
माह्या नंबर आधी, तुह्या नंबर मंग.

पारावर त्याला धरलं काहींनी.
डोकं भादरलेलं, दाढीचे खुंट पांढरे.
तो एवढंच बोलला,
सुतक माह्यं हाय. तहान गावाची हाय.
आणि उठून गेला, कारण तेलाची गिरणी मागं लागलेली,
पाइप फुटला होता तिकडं.

मी तेव्हा तिथंच होतो.
काही बोललो नाही.
माझाही एक नेम आहे, गावच्या भानगडीत न पडण्याचा,
बदलीला सोपं जातं.

दीक्षाच्या कागदाकडं परत आलो.
नमुना उत्तरात बाप नाही.
शून्य लिहिलं, त्याच्या आत दांडी ओढून
अर्धा करायला गेलो, गिचमिड झाली.
तिचा बाप नागपूरहून पुढं कुठं ट्रक नेतो
हे तिलाही नक्की ठाऊक नाही,
तरी शनिवारी ती शाळेच्या फाटकात
एस.टी.च्या बाजूला तोंड करून उभी असते.

एकदा मीच तिला हटकलं होतं,
काहून वं, घरी नाही जात?
जातो सर, म्हणाली. आणि उभीच.

गिचमिड खोडून एक गुण दिला.
पूर्ण.
केंद्रप्रमुखांनी विचारलं तर बघू.

चेतनची पत्रिका उरलीय.
एक डोळा मिटून पुन्हा वाचतोय
तोच अंगणात नळ खोकला,
आधी हवा, मग गढूळ, मग
बादली लावायला उठलो.