आदरार्थी बहुवचन

इंग्रजीत अहो-जाहो नाही.
ते मी मनातल्या मनात लावते:
विनिफ्रेडबाई आल्या, बाई बसल्या, बाईंनी चष्मा पुसला.
लाँगटनच्या चर्चमागचा हॉल, दर मंगळवारी, सहा चाकं.
पहिल्या दिवशी माझ्या मनगटांवर हात ठेवून म्हणाल्या,
ढकलू नकोस गं, टेक नुसती, येईल ती मधोमध.
आली.
त्या रात्री बसमध्ये मी
मातीने पांढरे झालेले तळवे मांडीवर उताणे ठेवून बसले,
कुणी ओटी भरल्यासारखी.

मागच्या मंगळवारी डेरेकची बरणी.
डेरेक म्हणजे चाळीस वर्षं भट्टीवर पेट्या वाहिलेला,
बायको गेल्यावर मुलीने इथे नाव घातलेला,
पाच मिनिटं आधी येऊन सगळ्यांची स्टुलं लावणारा.
झाकण बसेना. फुंकर घालून पाहिली, फिरवून पाहिलं.
बाईंनी बरणी उचलली, सगळ्यांना दिसेल अशी धरली
आणि म्हणाल्या, काही हात उचलायलाच असतात, घडवायला नाही.
मग बादलीत. डुबुक.

कुणीतरी हसलं.
मी नाही. पण मी बोललेही नाही,
तार पुसत राहिले, ती स्वच्छ होती तरी.

रात्री भात लावता लावता नवऱ्याला सांगत होते,
बाई म्हणाल्या, बाई म्हणाल्या,
आणि मधेच कुठेतरी, ती म्हणाली.
शब्द निसटला, आणि मी कुकरची शिट्टी हातात घेऊन उभी.
नवरा म्हणाला, घरोघरी मातीच्या चुली.
म्हटलं, गप्प बस, इथे गावच मातीचं आहे.

आठवडाभर त्यांच्यासाठी कारणं शोधली.
गुडघे. वय. हॉलचं वाढलेलं भाडं.
कारणं सापडतात हो, ढिगाने,
पण त्यातलं एकही
डेरेकच्या लाल झालेल्या कानांपर्यंत पोचत नाही.

आज मी पाच मिनिटं आधी आले. स्टुलं लावली.
बादलीतला गाळ उपसून फळीवर मळायला घेतला,
त्यात कुठेतरी ती बरणी.
हात बाईंनी शिकवला तसाच चालतो: दाब, पीळ, दाब.
चांगलं शिकवलंय तिने.
त्यांनी.
ठरत नाही अजून.

दार कुरकुरलं.
टोपी अर्धी काढून, आत यावं की नाही अशा बेतात,
डेरेक आले.