एकेचाळीसला नऊ

उद्यमनगरात दुपारी दोनला लेथ थांबतात
आणि तेवढ्यापुरतं माणसांचं बोलणं ऐकू येतं.

माझी पिकअप लाकडी ठोकळ्यांवर उभी,
चाकं काढलेली,
पायताणाचं माप द्यायला पाय पुढं केल्यासारखी.
स्प्रिंगा नव्या. चार इंच उंच झालीय.

मी म्हटलं, पस्तीसचे टायर घालू.
दस्तगीर मुल्लाणींनी टेप काढली,
एकोणतीसच्या जुन्या टायरवर धरली,
मग हवेतच पस्तीसवर अंगठा ठेवला
आणि मधल्या सहा इंचांकडं
उधारी मागायला आलेल्या पाव्हण्याकडं बघावं
तसं बघितलं.
"कशाला?"

गगनबावड्याच्या अलीकडं, डाव्या हाताला,
चौदा घरांचा धनगरवाडा आहे.
लस बर्फाच्या पेटीतून न्यावी लागते.
गेल्या साली चढावर जांभ्याच्या एका दगडावर
डिफरन्शियल टेकलं.
चार तास.
साठ म्हशींची लस कोमट झाली,
आणि सोनबा झोरे पेटीवर स्वतःचं घोंगडं टाकून
शेजारी गप्प बसून राहिला.

"स्प्रिंगा बॉडी उचलतात, डॉक्टर.
पोट उचलतंय ते फकस्त चाक.
त्येबी निम्मं.
तेहतीस घातलासा तर पोटाला दोन इंच,
पस्तीस घातलासा तर तीन.
म्हंजे भांडण एका इंचाचं हाय."

आणि त्या एका इंचाचं भाडं
अ‍ॅक्सल भरणार.

भिंतीवर तुटलेले हाफशाफ्ट टांगलेले,
चरकातून दोनदा काढल्यासारखे पिळलेले,
प्रत्येकावर खडूनं गावाचं नाव: दाजीपूर. आंबा. बुरकी.
एकावर नुसतं "मी".
त्याबद्दल मी विचारलं नाही.

कोपऱ्यात लिलावातून आणलेला एक अ‍ॅक्सल पडलाय,
म्हशीच्या मानेएवढा जाड.
हा घातला तर?
"घाला की. मग थांबवायला ब्रेक बदला,
वळवायला स्टिअरिंग, ओढायला इंजिन.
शेवटी तुमची म्हणून
नंबरप्लेट तेवढी ऱ्हाईल."

चहा आला. बशीत ओतला.
बशीत बोट बुडवून त्यांनी फरशीवर दात काढले:
क्राऊनला एकेचाळीस, पिनियनला नऊ.
पस्तीसला नऊ जड जातील, आठ लागतील,
आणि आठ दातांचं पिनियन बारीक;
दात कमी झाले की
उरलेल्यांनी जास्त सोसायचं,
हे त्यांनी इतकं सहज सांगितलं
की मला आमचा दवाखाना आठवला,
पाच जागांवर तिघं.

"मोडणार कायतरी हायच.
मोडायचं ते हाताला येईल आसं असूं दे.
शाफ्ट सीटखाली एक जादा ठेवा.
पर आधी मला सांगा,
दगुड किती उंच हुता?"

दगड.
टायरचे भाव मला तोंडपाठ होते,
कंपन्या, रबर, नक्षी,
आणि तो दगड मी कधी मोजलाच नव्हता.

सोनबाला फोन लावला. रेंज गेली. आली.
तासाभरानं तो चढावर जाऊन आला, धापा टाकत म्हणाला,
चाकोरीपासनं वर एक वीत, एक बोट.

मुल्लाणींनी आपली वीत टेपवर ठेवली. नऊ इंच.
बोट, पाऊण.
एकोणतीसवर पोट आठ इंचांवर. तेहतीसवर दहा.
"बसतंय," ते म्हणाले,
मग आपल्याच पंजाकडं बघत,
"त्येचा हात केवढा हाय?"

लेथ पुन्हा सुरू झाले. उत्तर ऐकू गेलं नसतं.
तेहतीस घातले. एकेचाळीसला नऊ.

आठवड्यानं फुलेवाडीच्या नाक्याबाहेर
उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागं मी,
त्याची पुढची चाकं रस्त्याला जेमतेम शिवत होती.
नव्या टायरवर मीटर कमी दाखवतं:
चाळीस म्हणालं,
मी मनात पाच मिळवले.
सीटखाली शाफ्ट खडखडत होता, पेटीत बर्फ.

चढाखाली सोनबा उभा होता.
गाडीतून उतरून
मी आधी त्याचा हात बघितला.