बेचाळीस अक्षरं

एका ओळीत बेचाळीस अक्षरं,
एका वेळी दोनच ओळी,
आणि सहा सेकंदांहून जास्त
काहीच पडद्यावर टिकू द्यायचं नाही.
या मापात मला
सफूरा मुकादमची साडेतीन वर्षं बसवायची आहेत.

फरवानिया, चौथा मजला.
गळक्या एसीखाली बादली.
सकाळपासून धूळ उठलीय,
समोरचा मनोरा दिसेनासा झालाय.
तिची बोली हर्णैची, म्हणून माहितीपटवाल्यांनी मला गाठलं.
माझं आजोळ त्याच किनाऱ्यावरचं,
एवढीच माझी पात्रता.
मी तिचं प्रमाण मराठीत आणायचं,
मग त्यावरून कुणी अरबी करणार, कुणी इंग्रजी.

ती कॅमेऱ्याकडे बघत नाही.
सांगते, त्या घरात सात खोल्या होत्या,
आतून कडी नव्हती ती फक्त माझ्या खोलीला.
सांगते, गाऊन धुतला नाही.
तांदळाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून
डीप फ्रीजरमध्ये ठेवला, हामूरच्या खाली.
चार महिने
त्याच फ्रीजरमधून मासे काढले,
खवले काढले, तळले,
त्यालाच वाढले.
“थंड ठेवला की कुजत नाय,” म्हणते,
“मासळीवाल्याची पोर हाय मी.”

इथे दिग्दर्शकाची टीप: संगीत?
मी लिहिलं: नको.

मग कोर्ट.
दुभाषा लखनौकडचा, सभ्य, घाईतला.
ती म्हणाली, “मना ओढलान.”
हे क्रियापद त्याने जन्मात ऐकलेलं नव्हतं.
त्याने अंदाज बांधला
आणि अरबीत सांगून टाकलं: मला बोलावलं.
कारकुनाने टिपून घेतलं.
न्यायाधीशांनी विचारलं: मग तू गेलीस?

प्रश्नचिन्ह कुठल्याशा टेबलावर गळून पडलं.
मग तू गेलीस.
चौदा महिने हे वाक्य
तिच्याआधी पोचायचं सगळीकडे,
ठाण्यात, वकिलाच्या जिन्यात,
निवाऱ्यात, जिथे एकोणीस बायकांत दोन न्हाणीघरं,
आणि दिवे गेल्यावर शेजारच्या गादीवरून कुणीतरी
अगदी हळू, मायेनेच विचारायचं:
बोलावल्यावर गेलीस कशाला गं?

भावाचा आवाज फोनवर: अब्रूचा विचार कर, मिटव, ये.
अब्रू जाते. लुटली जाते. वेशीला टांगली जाते.
शब्द शोधताना पाहिलं मी,
आमच्या शहाण्या मराठीत तो काही करतच नाही.
अतिप्रसंग ओढवतो,
जसं घरावर आजारपण ओढवतं.

गुरुवारी ती कच्चा माहितीपट बघायला आली.
हिरवा स्कार्फ, हातात केळ्यांची पिशवी.
शाळा चौथीपर्यंतची, म्हणून पडद्यावर बोट ठेवून
एकेक अक्षर वाचत गेली.
सहा सेकंद तिला पुरेनात.
मी थांबवत राहिले.

कोर्टाच्या जागी आल्यावर तिनेच म्हटलं, थांब.
मी लिहिलं होतं: मला ओढलं.
चूक सुधारल्याचा मला केवढा अभिमान.
तिने दोनदा वाचलं.
“न कुठाय?”
कुठला न?
“मी ओढलान सांगितला. तू ओढलं लिवलास.
त्याचा न कुठं गेला?”

तेव्हा ऐकू आलं मला,
आजीच्या तोंडी लहानपणभर ऐकलेलं:
गेलेल्याचा, केलेल्याचा, पळालेल्याचा तो न.
आमच्या बोलीत करणारा
क्रियापदाच्या शेपटाला धरलेला असतो,
सुटत नाही.
दुभाषाने त्याला सभ्य केलं होतं.
मी तर सोडूनच दिलं होतं.

पुसलं. पुन्हा टंकलं:
त्याने मला ओढलं.
ओळीत अजून भरपूर जागा उरली होती.

तिने बोट ठेवून वाचलं. मान हलवली.
मग विचारलं, मंगळवारी तारीख आहे,
हे त्यांना दाखवता येईल का?
मी म्हटलं, माहीत नाही.
तिने एक केळं सोलून माझ्यापुढे धरलं.
पडद्यावर ती अजून तोंड अर्धं उघडून थांबलेली,
खाली ती ओळ,
नियमाहून किती तरी जास्त वेळ.