भार आल्यावर

ईरी, पेनसिल्व्हेनिया. मार्च संपत आलेला.
रस्त्यावरच्या मिठानं मागचे कंट्रोल आर्म
पापुद्रा पापुद्रा करून खाल्लेत.
बोल्ट बुशच्या नळीत असा रुतलेला
की गॅसची ज्योत, घण, चेस्टरच्या पोलिश शिव्या,
सगळं लागलं. दीड तास. एका बोल्टला.

नवे आर्म काळे, जाड,
हाताला अजून तेल लागतं.
मी पाना लावला, पिळणार,
तर त्यानं मनगट धरलं :
आत्ता नको. लोंबकळतेय ती.
खाली घे, चाकांवर भार येऊ दे,
मग आवळ.
नाहीतर रबर जन्मभर पिळलेलंच राहतं.

जॅक उतरला. गाडी
दोन बोटं बसली, कुरकुरली, गप्प झाली.

मी तर विमानतळावरच
सगळं आवळून घेतलं होतं,
पाय अधांतरी असताना.

गाडीखालून चेस्टरचा हात :
पाना दे.