कसर

खोका उघडायच्या आधी व्हेर्डेलने
एकावर एक दोन निळे हातमोजे चढवले
आणि आम्हाला मागे सरकायला सांगितलं,
बाळंतिणीच्या खोलीतून सुईण माणसं हुसकावते तसं.

आत पांढऱ्या कागदात
माझ्या पणजोबांच्या कपाळाची पट्टी.
हरणाच्या कातड्यावर सुतार पक्ष्यांचे
सत्तेचाळीस लाल तुरे,
इतके लाल की कालच कुणी शिवून
जेवायला उठलं असावं.

एकशे नऊ वर्षं.
बुरशी नाही, एक पीस गळलेलं नाही.
मान्य करायला हवं, त्यांनी जपलं.
कसर लागू नये म्हणून
सोमल चोळून जपलं.

यंत्र तिने पट्टीवर रोखलं, पिस्तुलासारखं.
आकडा आला. पुन्हा रोखलं. तोच.
"कपाळाला लावायची नाही," ती म्हणाली,
"घामात विरघळतं हे."

घाम न येता नाचायचा नाच
क्लॅमथच्या काठी अजून कुणी बसवलेला नाही.

माझ्या टेबलावर पत्रांची फाइल आहे, उशीएवढी.
सतराव्या पत्रात संग्रहालय विचारतं:
वस्तूची निगा राखण्याची सोय आपल्याकडे आहे काय?
तापमान किती, दमटपणा किती,
रात्री तिच्यापाशी कोण असतं?
मी लिहिलं होतं, नदी असते.
मग ते खोडून तापमान लिहिलं.
नाचवली नाही तर पट्टी रडते,
हे लिहायला रकानाच नव्हता.

त्या रात्री तिच्यापाशी ऑर्लिन मामा बसला.
मी दाराबाहेर, किल्ल्या माझ्याकडे म्हणून.
तो तिला गावातलं सांगत होता:
कोण गेलं, कुणाला जुळी झाली,
वरचं धरण पाडलं तेव्हा
पाणी किती दिवस गढूळ होतं,
सामन मासे कुठपर्यंत चढले.
मधेच त्याने आवाज खाली आणला.
तेव्हा मी किल्ल्या वाजवून दूर गेले.

नाचाला डॅरोच्या कपाळावर नवी पट्टी होती.
नऊ तुरे. सहा वर्षांत मिळालेले.
शाळेच्या काचेवर आपटून मेलेला एक पक्षी,
हमरस्त्यावरचे दोन,
प्रत्येकामागे सरकारी परवाना, शिक्क्यासकट.
तुऱ्यांच्या मधे कातडं उघडं दिसत होतं,
दुधाचे दात पडलेल्या पोराच्या हसण्यासारखं.

जुनीचा खोका नाचाच्या खड्ड्याशी ठेवला,
झाकण काढून, दोरीच्या आत.
दोरी माझी. पाटीही माझीच: हात लावू नये.
मुलं पाटी वाचून
खोक्यासमोर उकिडवी बसली
आणि पट्टीला नाच नीट दिसावा म्हणून
आपणहून बाजूला झाली.

पहिलं पाऊल पडलं. जमिनीतून ते खोक्यात गेलं.
तुरे हलले.
व्हेर्डेल म्हणते, वारा.
वारा होताच, नाही कोण म्हणतं.

मग मामा दोरीखालून वाकून आत गेला.
बोलला काही नाही.
उघड्या हाताने त्याने पट्टी जराशी सरळ केली,
लग्नात मुलाची टोपी करावी तशी,
आणि तसाच हात लांब धरून
नदीकडे धुवायला निघाला.

वस्तूला झालेला प्रत्येक स्पर्श
वेळेसह नोंदवायचा, असा नियम आहे.
नियम मीच लिहिला आहे.

वही उघडी होती. पेन चालू होतं.
मी तारीख घातली
आणि पुढे हवामान लिहिलं.