बत्तीस हजार सातशे अडुसष्ट

मोदी नंबर तीनची गल्ली, एप्रिलातले अकरा,
शटर अर्धं वर, अर्धं उन्हाला आडवं.
"घड्याळाचा क्रिस्टल? बत्तीस किलोवाला?"
वाधवानींचा पोरगा खण ओढतो, ढकलतो.
"सोळा मेगा घ्या, बारा घ्या, आठही निघेल,
जुन्या रंगीत टीव्हीचे तर डबाभर पडून आहेत.
घड्याळाचा कोणी मागतच नाही ताई.
मागवून देतो, पण पाकीट शंभराचं."

मला एक हवा.

मी नंदनवनात औषधं विकते.
आमच्याकडे पत्ता कात्रीनं कापतात.
दोन गोळ्या, महिनाअखेरीला एकच,
"उद्यापुरती द्या, परवाचं परवा पाहू."
उरलेल्या तुकड्यावर तारीख शाबूत राहील
अशा बेतानं कापायचं, एवढाच आमच्या धंद्याचा धर्म.
तो मी या गल्लीत कुणाला शिकवू?

दुकानाच्या माडीवर अभ्यासिका आहे.
अठ्ठावीस पोरं, एक कूलर, वाळ्याचे टट्टे,
आणि एक टाकी, जी पहाटेच भरावी लागते.
नळ येतो पाच चाळीसला, सहा वीसला जातो.
तेवढ्यासाठी कोण उठणार रोज?
म्हणून मी चिप घेतली, रिले घेतला,
हिशेबाच्या वहीत पाठमोऱ्या पानावरून
शिकत शिकत मोटरला वेळ लावून दिली.

मार्चभर ऐकलं तिनं.
मग पारा चव्वेचाळीस झाला
आणि चिपच्या पोटातली नाडी सैल पडली.
आज दोन मिनिटं, उद्या तीन.
तिच्यात स्फटिक नाही, नुसता अंदाज आहे,
आणि अंदाजाला नागपूरचं ऊन लागतं.
दोन आठवड्यांनी मोटर कोरड्या पाइपावर किंचाळत होती
आणि दुपारी पोरं
ओल्या रुमालाखाली राज्यघटना पाठ करत होती.

इतवारीत, सराफ्याच्या मागच्या बोळात,
हेडाऊ घड्याळजी बसतात. बसतात म्हणजे मावतात.
मी म्हटलं, एकच पाहिजे.
ते म्हणाले, "एकच असते बाई, एका घड्याळात."
भिंतीवरून एक उतरवलं,
लग्नात आलेलं, मागे नाव, साल दोन हजार नऊ,
दुरुस्तीला टाकून कोणी न्यायला न आलेलं.
"काटे अडकते, चाकाचे दात झिजते.
याले काय होते? सेल टाकला का हा ठोकूनच राह्यते."
भिंग डोळ्याला, डाग वितळला,
चिमट्याच्या टोकावर चिन्नोरच्या दाण्याएवढी
चांदीची नळी, केसासारखे दोन पाय.

पैसे विचारले तर डोळे चोळत म्हणाले,
"ते डोयात टाकाचं औषध ठेवता नं तुम्ही?
अर्धी बाटली भेटन काय?"
मी हसले, मग थांबले.
सगळं कापता येतं, बाटली तेवढी नाही.
संध्याकाळी पूर्णच पाठवली.

रात्री डाग देताना हात कापत होता.
एका सेकंदात बत्तीस हजार सातशे अडुसष्ट थरथरी.
अर्ध्या करा, पुन्हा अर्ध्या, पुन्हा,
डॉक्टर लिहितात तसं: अर्धी, मग पाव, मग बंद.
पंधरा वेळा अर्ध्या केल्या
की हातात एक उरतो,
एकच.

उन्हात हाही थोडा सुस्तावतो म्हणे,
दिवसाला सेकंदभर मागे.
तेवढी सूट मी या गावात कुणालाही देईन.

पहाटे जिन्यात जाऊन बसले.
भिंत अजून कोमट होती.
पाच एकोणचाळीस. कुत्रं कुठेतरी उठून पुन्हा बसलं.
पाच चाळीसला रिले टकटकला,
मोटर घरघरली, पाइपानं हवा ओढली.

नळ त्या दिवशी सहाला आला.

मी मोटर बंद करून पायरीवरच वाट पाहिली.
घड्याळ बरोबर होतं.