शिसं

सीथवेटच्या खोऱ्यात म्हणे एका रात्री
वाऱ्यानं झाड उपटलं,
आणि मुळांना धरून वर आलं काहीतरी काळं,
कोळशासारखं; पण पेटेना.
मेंढपाळांनी दोन दिवस चुलीत घालून पाहिलं,
मग एकानं वैतागून हात पुसले मेंढीच्या पाठीला.
आठवडाभर पाऊस झाला.
डाग तसाच.

तेव्हापासून आपली मेंढी कुठली, हा वाद मिटला.

खोऱ्यातले लोक त्याला वॅड म्हणत.
शहरातल्या शहाण्यांनी बोटावर घासून पाहिलं :
काळं आहे, चकाकतंय,
म्हणजे शिसंच.
नावं ठेवायला शहाण्यांना तेवढं पुरतं.

टेमर फिअरनचा नवरा खाणीच्या दारावर पहारेकरी.
सुटी झाली की एकेकाचे बूट उतरवायचा,
खिसे उलटे, टोपी उलटी, केसांतून बोटं.
मूठभर वॅडचे गुत्त्यावर
महिन्याच्या पगाराइतके पैसे येत.
एका संध्याकाळी रांगेत त्याचाच पोरगा, जोनस,
अकरा वर्षांचा, गाल फुगलेला.
काय आहे रे?
पोरानं मान हलवली, तोंड उघडेना.
मागे माणसं खोळंबलेली.
बाप म्हणाला, चल, पुढे हो.

घरी टेमरनं दूध दिलं.
वाटीत काळी रेघ उतरली.
तिनं पाहिली, त्यानंही पाहिली,
आणि दोघं बराच वेळ हवेबद्दल बोलत बसले.

तो तुकडा विकला गेला नाही.
टेमरला अक्षर येत नव्हतं;
तिनं पोराला दाराच्या चौकटीशी उभं केलं
आणि डोक्यावर एक रेघ ओढली.

बाकी मग सगळं शब्दांचंच झालं.
पेन्सिल म्हणजे मुळात लॅटिनमधली छोटीशी शेपटी,
कुंचल्याच्या केसांवरून पडलेलं नाव.
चुकलं तर पावाचा मऊ गोळा घासत,
पुढे लांबच्या जंगलातल्या झाडाचा चीक आला.
त्या झाडाला त्याचं स्वतःचं नाव होतं,
ते कोण विचारतो?
घासतो, म्हणून रबर.

आणि खूप वर्षांनी कुणी रसायनवाल्यानं
प्रचंड आचेवर जाळून दाखवलं :
यात शिशाचा कणही नाही,
हा कोळशाचाच भाऊबंद.
म्हणजे मेंढपाळ बरोबर होते,
फक्त चूल कमी पडली.

तोवर चूक जहाजात बसून निघाली होती.
बंदरं ओलांडत आमच्या दप्तरात उतरली,
शिसपेन्सिल म्हणून;
मीही टोक जिभेला लावून लिहायचो
आणि आई ओरडायची, विष असतं त्यात.

फिअरनांच्या दाराच्या चौकटीवर
चार रेघा आहेत.
पाचवी नाही.
कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही.
चौथी जरा जास्तच वर आहे.
पोरानं टाचा उचलल्या असाव्यात.